मुलाचे पिणे, घराचे वागणे

मराठी मनात दारूच्या व्यसनाचे जे चित्र शंभरहून अधिक वर्षे ठसलेले आहे, ते संसारी पुरुषाचे आहे. राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकातला सुधाकर वकील आहे, त्याला पत्नी आहे, मूल आहे, आणि त्याच्या पिण्याची किंमत सिंधू मोजते; पुढच्या काळातल्या कथांनी, चित्रपटांनी आणि दारूबंदीच्या चळवळींनीही बहुधा हेच चित्र पुढे नेले. त्यात पिणारा कर्ता पुरुष असतो, सोसणारी बायको असते, आणि आईवडील असलेच तर थकलेले व हतबल असतात. पुण्यात किंवा नाशकात कॉट बेसिसच्या खोलीत राहून अभियांत्रिकी शिकणारा वीस वर्षांचा मुलगा जेव्हा दर शनिवारी मित्रांबरोबर ‘बसू’ लागतो, सोमवारच्या पहिल्या तासाला उठू शकत नाही आणि सत्राअखेर तीन विषयांत मागे राहतो, तेव्हा त्याच्या आईवडिलांपाशी या परिस्थितीसाठी ना शब्द असतो ना पूर्वानुभव. ‘दारुडा’ हा शब्द त्याला लावायला जीभ रेटत नाही, आणि तो शब्द लागू पडत नाही म्हणजे फारसे काही बिघडलेले नाही, असा सोयीचा अर्थ काढून दोन-तीन वर्षे जाऊ दिली जातात. उपचारांनी सर्वाधिक साधण्यासारखे असते ते नेमके याच वर्षांत.

‘बसणे’ या साध्या क्रियापदाला विद्यार्थ्यांच्या बोलीत आलेला अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात बाटलीचे नाव नाही, प्रमाणाचा उल्लेख नाही. आहे ती केवळ सोबत, चकणा आणि गप्पा. त्यामुळे घरी ‘थोडी घेतली होती’ एवढेच कानावर येते, आणि ‘थोडी’ म्हणजे किती, हे विचारण्याइतकी माहिती बहुतेक आईवडिलांना नसते. जागतिक आरोग्य संघटना मद्याचे प्रमाण शुद्ध मद्यार्काच्या वजनात मोजते आणि १० ग्रॅम मद्यार्काला एक प्रमाणित पेय मानते. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे साधारण एक प्रमाणित पेय, तर १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा. बिअर सौम्य असते या समजुतीचाही येथे हिशेब करून पाहावा: ८ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतका मद्यार्क असतो. एकाच बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क पोटात जाणे याला ही संघटना ‘प्रासंगिक अतिमद्यपान’ म्हणते, आणि आठवड्यातून एकदाच एक क्वार्टर संपवणारा विद्यार्थी, तो उरलेले सहा दिवस पाण्याशिवाय काही पीत नसला तरी, या व्याख्येत बसतो. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचाच निचरा करू शकते आणि लिंबूपाणी, ताक, कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. म्हणून रात्री एक वाजेपर्यंत प्यालेला मुलगा सकाळी सात वाजता मोटारसायकलला किल्ली लावतो, तेव्हा त्याच्या रक्तात दारू शिल्लक असू शकते.

या पिण्याला नेमके काय म्हणावे, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने दोन पायऱ्यांत दिले आहे. पिण्यामुळे शरीराला, मनाला किंवा आसपासच्या माणसांना प्रत्यक्ष इजा होऊ लागली आहे पण पिण्यावरचा ताबा पूर्ण सुटलेला नाही, ही पहिली पायरी. तिला ‘हानिकारक मद्यपान’ म्हणतात. ताबा सुटणे, पिण्याला इतर सर्व गोष्टींपेक्षा अधिक महत्त्व येणे, आणि शरीराला सवय जडून प्रमाण वाढत जाणे किंवा दारू न मिळाल्यास हात कापणे, घाम सुटणे, झोप उडणे ही दुसरी पायरी; तिला ‘मद्यावलंबन’ म्हणतात. महाविद्यालयीन वयातली बहुसंख्य अडचणीची प्रकरणे पहिल्या पायरीवरची असतात. पायरी ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटांत होते. चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण धोक्याचे पिणे दाखवतात, आणि वीस किंवा अधिक गुण आल्यास अवलंबनाची शक्यता धरून सविस्तर तपासणी करावी लागते. घरच्यांना दिसणारी एक खूण मात्र या चाचणीची वाट न पाहता गंभीरपणे घ्यावी. ‘काल रात्रीचे मला काही आठवत नाही’ हे मुलाचे वाक्य आईवडील हटकून थाप समजतात. पण रक्तातले मद्यार्काचे प्रमाण वेगाने वाढले की मेंदू नव्या आठवणी नोंदवणे थांबवतो, माणूस चालतो, बोलतो, भांडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातले काही सापडत नाही. या स्मृतिलोपाला ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. मुलगा खरे बोलत असेल तर ते खोटे बोलण्यापेक्षा अधिक काळजीचे आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे, मद्य घेतात असे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के होते. मद्यामुळे ज्यांना मदतीची गरज निर्माण झाली आहे अशांची संख्या ५.७ कोटी आणि त्यांपैकी अवलंबनापर्यंत पोहोचलेल्यांची २.९ कोटी मांडली गेली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तीव्र मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आणि पिण्यासाठी परवान्याची ठेवलेली असली, तरी वाइन शॉपच्या खिडकीशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला वय विचारले जाते असा अनुभव दुर्मीळ आहे. कायदा मुलाला अडवील या भरवशावर कोणत्याही घराने राहू नये.

आता प्रश्न आईवडिलांच्या वागण्याचा. व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जिम ऑरफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी घरच्यांच्या प्रतिसादांचे तीन प्रकार सांगितले आहेत: पिणाऱ्याशी भिडणे, त्याचे वागणे सोसत राहणे आणि त्याच्यापासून दूर होणे. मराठी मध्यमवर्गीय घरात हे तिन्ही प्रकार बहुधा एकाच आठवड्यात घडतात. शनिवारी रात्री बाप दार उघडताच हात उगारतो. रविवारी आई रडत मुलाचे कपडे धुते आणि मित्राची उधारी फेडायला डब्यातले पैसे काढून देते. सोमवारपासून घरात अबोला सुरू होतो आणि तो बुधवारी महाविद्यालयाच्या फीच्या निमित्ताने संपतो. मुलाला यातून एकच गोष्ट कळते, की वादळ येते आणि तीन दिवसांत निवळते. रागही खरा असतो आणि मायाही खरी असते; पण दोन्ही एकमेकांना खोडून काढत असल्याने पिण्याच्या बाबतीत घराचे म्हणणे नेमके काय आहे, हे मुलापर्यंत पोहोचतच नाही.

आपल्याकडच्या काही खास उपायांची या ठिकाणी स्पष्ट परीक्षा करायला हवी. पहिला उपाय शपथेचा. आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की मुलाच्या पिण्यात अपराधाची भर पडते आणि तो अपराध बुडवायला आणखी एक कारण मिळते. माळेचे थोडे वेगळे आहे. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणारा मांसमद्य वर्ज्य करतो, आणि या माळेने दारू सुटलेली माणसे महाराष्ट्रातल्या गावोगावी आहेत; मात्र त्या माळेमागे स्वतःचा निश्चय असतो, दर पंधरवड्याची एकादशी असते, भजनाला एकत्र बसणारी माणसे असतात, आणि वारीत ज्यांच्याबरोबर चालायचे त्यांच्यासमोर राखायचा शब्द असतो. आधार त्या सोबतीचा असतो. आईवडिलांनी धरून बांधून गळ्यात घातलेल्या माळेला ही सोबत मिळत नाही.

दुसरा उपाय लग्नाचा. ‘दोनाचे चार हात झाले की ताळ्यावर येईल’ या वाक्याने आजवर किती मुलींचे आयुष्य उद्ध्वस्त झाले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मुलाचे पिणे ठाऊक असताना ते दडवून त्याचे लग्न लावणे ही त्या मुलीची आणि तिच्या घरच्यांची उघड फसवणूक आहे. तिला उपाय म्हणणे थांबले पाहिजे.

तिसरा उपाय शहरी आणि सुशिक्षित आहे: ‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी माझ्यासमोर घे.’ यात उदारपणा दिसतो, मुलाशी मैत्री केल्याचे समाधानही असते. ऑस्ट्रेलियात १,९२७ किशोरवयीन मुलांचा सहा वर्षे मागोवा घेऊन २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईवडिलांनी स्वतः मद्य दिल्याने मुलांना पुढे कोणतेही संरक्षण मिळाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट अतिमद्यपान आणि त्यातून होणारी हानी यांचा धोका अशा मुलांत वाढलेला दिसला. ती मुले अभ्यासाच्या आरंभी बारा-तेरा वर्षांची होती, त्यामुळे वीस वर्षांच्या मुलावर हा निष्कर्ष जसाच्या तसा लादता येणार नाही. पण घरातला पेग मुलाला मर्यादा शिकवतो, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही एवढे खरे. बाप रोज संध्याकाळी स्वतः घेत असेल आणि मुलाला उपदेश करत असेल, तर त्या उपदेशाचे वजन वेगळे सांगायला नको.

चौथा उपाय सर्वांत घातक आहे. एसटी स्थानकांच्या भिंतींवर आणि वृत्तपत्रांच्या कोपऱ्यांत ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात आणि हताश झालेली आई चहातून किंवा भाजीतून काहीतरी पूड देऊ लागते. डायसल्फिराम या औषधामुळे मद्यार्काचे शरीरात होणारे विघटन मध्येच अडते आणि वरून दारू घेतली की चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडतात, क्वचित जीवही जातो. हे औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात ते रुग्णाला सर्व परिणाम समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. असे औषध पोटात आहे हे माहीत नसलेला मुलगा शनिवारी नेहमीप्रमाणे बसतो, तेव्हा त्याच्या आईने प्रेमापोटी त्याला मृत्यूच्या जवळ नेलेले असू शकते.

या उपायांच्या पलीकडे आईवडिलांच्या हाती काय उरते, या प्रश्नाचे सर्वांत अभ्यासलेले उत्तर अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात तयार झाले. रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ या पद्धतीत उपचार पिणाऱ्याला नाही, तर त्याच्या घरच्या माणसाला दिला जातो, म्हणजे घरच्याला वागण्याचे शिक्षण दिले जाते. उपचारांना ठाम नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० नातलगांवर केलेली आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी बोलकी आहे: क्राफ्ट शिकलेल्या नातलगांपैकी ६४ टक्क्यांच्या घरचा पिणारा उपचारांपर्यंत पोहोचला, सर्वांनी मिळून पिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारण्याची पद्धत शिकलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते, तर ‘अल-अ‍ॅनॉन’ या नातलगांच्या स्वमदत गटाकडे वळवलेल्यांत १३ टक्के. अल-अ‍ॅनॉनवर अन्याय होऊ नये म्हणून हे नमूद करायला हवे, की १९५१ पासून चालत आलेल्या या चळवळीचा हेतू नातलगाला स्वतः सावरता यावे हा आहे, पिणाऱ्याला उपचारांकडे आणणे हा नाही. आणि आईवडिलांचे सावरणे हीही लहान गोष्ट नाही. पण काका, मामा आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक यांना बोलावून मुलाला मध्ये बसवण्याची जी बैठक आपल्याकडे भरते, तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

क्राफ्टचे सार साध्या मराठीत असे मांडता येते: न पिता घालवलेली वेळ मुलाला सुखाची वाटावी आणि पिण्याचे परिणाम त्याचे त्यालाच भोगावे लागावेत, अशी घराची रचना करायची. यातला पहिला भाग आईवडिलांना अवघड जातो, कारण मुलगा शुद्धीत असतो तेव्हाच उपदेशाला संधी मिळते आणि म्हणून शुद्धीतली प्रत्येक संध्याकाळ भांडणात जाते. तो रविवारी घरी आला, न पिता आला, तर त्या दिवशी आवडीचे जेवण, क्रिकेटचा सामना, गाडी दुरुस्त करायला बापाबरोबर घालवलेला एक तास, हे सगळे उपचाराचेच भाग आहेत. ‘बरे वाटले तू असा आलास ते’ एवढे म्हणणेही. प्यालेल्या अवस्थेत आला तर वाद नाही, मायेचा वर्षावही नाही. तो सुरक्षित आहे एवढे पाहायचे आणि दिवा मालवायचा.

दुसरा भाग आईला अवघड जातो. महाविद्यालयाला ‘ताप होता’ असे खोटे कळवणे, वॉर्डनची समजूत घालणे, फुटलेल्या मोबाइलच्या जागी नवा घेणे, उधारी भागवणे, या प्रत्येक मदतीने पिण्याचा एक परिणाम पुसला जातो. फी आणि खाणावळीचे पैसे थेट संस्थेला द्यावेत, हातखर्च मोजका ठेवावा, गाडीची किल्ली परत घ्यावी, आणि हे सगळे शिक्षा म्हणून तोडून न टाकता आधी सांगून करावे. मर्यादा थोड्या असाव्यात, पण सांगितलेली पाळावी. ‘घराबाहेर काढीन’ ही धमकी जो बाप कधीच अमलात आणणार नाही, त्याने ती उच्चारू नये. परिणाम भोगू देण्याला एक अपवाद आहे, जिवाचा. रात्री दोन वाजता प्यालेल्या मुलाने ‘न्यायला या’ म्हणून फोन केला तर आणायला जावे, आणि त्या रात्री एक शब्दही बोलू नये.

बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, पोटात अन्न आणि डोक्यात शुद्ध असताना, दोघांनी मिळून पण एकट्या मुलाशी, भावंडांसमोर नाही. ‘तू बिघडलास’, ‘लोक काय म्हणतील’, ‘आम्ही पोटाला चिमटा घेतला तो याचसाठी का’ ही वाक्ये मुलाला पाठ असतात आणि त्यांची उत्तरेही त्याच्यापाशी तयार असतात. ‘अरे, या महिन्यात तीन शनिवार तू फोन उचलला नाहीस, आणि मागच्या वेळी जिन्यात पडलास, आम्हाला झोप लागत नाही. आपण एकदा डॉक्टरांकडे जाऊ या, मी बरोबर येतो’ या बोलण्यात पाहिलेल्या घटना आहेत, स्वतःची भावना आहे आणि एक लहान, करता येण्याजोगी मागणी आहे. नकार आला तर विषय तेथेच सोडावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा. तो का पितो, हेही ऐकून घ्यावे लागते: परीक्षेची भीती, मोडलेले प्रेम, रॅगिंग, इंग्रजीचा न्यूनगंड, किंवा महिनोन्‌महिने साचलेली उदासी. नैराश्य आणि मद्य एकत्र आले की आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून ‘मला जगावेसे वाटत नाही’ हे नशेतले वाक्यही बडबड म्हणून सोडून देता येत नाही.

मुलगी पीत असेल तर घराचा तोल लवकर सुटतो. तिच्या पिण्याची चर्चा आरोग्याची न राहता चारित्र्याची होते, शिक्षण थांबवून तिला गावी आणले जाते, आणि तिच्यावर मद्यधुंद अवस्थेत अत्याचार झाला असेल तर ती घरी कधीच सांगत नाही. मुलाला जी वागणूक, तीच मुलीला. याहून वेगळे शास्त्र तिच्यासाठी नाही.

दोन प्रसंगी मात्र कोणतीही पद्धत बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे लागते. हाक मारून, चिमटा काढून जागा न होणारा, श्वास मंद किंवा अडखळत घेणारा, अंग गार पडलेला मुलगा ‘झोपून उतरेल’ म्हणून एकटा सोडू नये. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसरा प्रसंग रोज पिणाऱ्याचा. ‘आजपासून थेंबही नाही’ म्हणून त्याला खोलीत कोंडल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, भास व प्रचंड थरथर यांची जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. म्हणून अशा मुलाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी.

गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग आपल्या भागातल्या आईवडिलांना धीर देणारा आहे. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी एक ते चार वेळा बोलावे, एवढाच उपचार होता. ३७७ पुरुषांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांचे. फरक चमत्काराएवढा नाही, पण चार भेटींनी एवढे साधत असेल तर त्या चार भेटी लवकर व्हाव्यात. अवलंबन जडले असेल तेथे दीर्घ उपचार लागतात. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने मारहाण व कोंडून ठेवणे यांवाचून व्यसनमुक्तीचे काम करता येते, हे महाराष्ट्राला दाखवले. ही आठवण आज आवश्यक आहे, कारण घरून गाडीत कोंबून नेणारी, महिनोन्‌महिने भेट नाकारणारी केंद्रेही आज चालतात आणि थकलेले आईवडील त्यांना पैसे मोजतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मद्याशी निगडित मानसिक आजारांनाही लागू आहे. अठरा वर्षांवरील मुलाच्या इच्छेविरुद्धचा प्रवेश त्यात ठरावीक गंभीर परिस्थितीतच, तपासणीनंतर आणि प्रथम तीस दिवसांपुरता होऊ शकतो. मुलाला कोठेही दाखल करण्यापूर्वी त्या केंद्राची नोंदणी, तेथे येणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि भेटीचे नियम, या तीन गोष्टी आईवडिलांनी स्वतः जाऊन पाहाव्यात.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. दुसऱ्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आईवडिलांना स्वतःच्या सल्ल्यासाठी हे दोन्ही क्रमांक फिरवता येतात, आणि त्यासाठी मुलाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही.